सगळ्यात स्वच्छ मेंढा

१

म्हसोबाच्या जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, आमच्या गावातली अकरा लेकरं एकदमच आजारी पडली. पोटात कळा, जुलाब, आणि दुपारपर्यंत जुलाबातून रक्त. त्या अकरांत माझी नात शिवकन्याही होती, पाच वर्षांची.

मी बजरंग. बोरीच्या रस्त्यावर जनावरांचा दवाखाना आहे, तिथं ड्रेसर आहे. कागदावर माझ्या पदाला व्रणोपचारक म्हणतात, पण तो शब्द बत्तीस वर्षांत माझ्या तोंडात कधी बसला नाही. बैलांच्या खांद्यापासून कोंबड्यांच्या पायापर्यंत सगळ्या जखमा धुतल्यामुळे, घाण कुठून येते हे आपल्याला कळतं अशी माझी ठाम समजूत होती. शुक्रवारी सकाळी नऊच्या आत मी गुन्हेगार शोधून मोकळासुद्धा झालो होतो.

गुन्हेगार म्हणजे पंडित, आमच्या गावचा खाटीक. जत्रेचे तिन्ही मेंढे त्यानंच कापले होते. मटण त्याच्या हातचं आणि आजारी लेकरं आमची, मग यात शोध तो काय लावायचा? मी मारुतीच्या ओट्यासमोर उभा राहून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडलो, "पंडितच्या घाणेरड्या हातानं आमची पोरं मरायलीत!"

दिनकरराव माझे चुलत भाऊ आणि गावचे कारभारी. लहानपणापासून मी त्यांना आबा म्हणतो. त्यांनी लगेच फर्मान काढलं. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी ओट्यावर बैठक घ्यायची, पंडितला कायमचा बंद करायचा की नाही ते तिथं ठरवायचं, आणि तोवर गावात त्यानं एकही जनावर कापायचं नाही. बोरीच्या बाजारातल्या त्याच्या दुकानालाही आमच्या गावच्या माणसानं पाय लावायचा नाही. पंडितच्या घरात दोन एकर काय, दोन गुंठेसुद्धा जमीन नाही. सुरी गेली की सगळं गेलं.

पंडित तिथंच उभा होता. मला वाटलं, आता भांडेल, शपथा घेईल. तर त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "लेकरू कसं हाय, दादा?"

मी तोंड फिरवलं. तो निघून गेला. बघा, म्हटलं, खोटा माणूस कसा गप बसतो.

पोरांना बघायला आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले, आणि मांस बघायला आमच्या सुकेशनी मॅडम आल्या. मॅडम परभणीच्या, आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर, वय तिशीच्या आतबाहेर. बोलतात कमी आणि विचारतात फार, त्यामुळे मला त्यांचा अधूनमधून राग येतो. मी त्यांना पंडितचं प्रकरण अगदी बांधून हातात दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बजरंगकाका, जत्रेत पोरं चाळीसच्या वर होती. मग अकराच का आजारी?"



२

उत्तर कडूवहिनीकडं होतं. कडूबाई म्हणजे आमच्या भावकीतली म्हातारी, नात्यानं माझी वहिनी. जत्रेचा स्वयंपाक दरवर्षी तिच्याच हातचा. मॅडम तिच्या चुलीपुढं पाटावर बसल्या तेव्हा तिला वाटलं, आता आपल्यावरच बालंट येणार.

"मटण तीन घंटे रटरट शिजलंय, बाई," ती म्हणाली. "हाडापासून सुटलं होतं. माझ्या शिजवण्यात खोट काढू नका."

"खोट नाही काढत, मावशी. शिजायच्या आधी कुणी काही खाल्लं का?"

वहिनी जरा घुटमळली. "कलेजी खाल्ली पोरांनी. दरसाली खातेत. मीठ लावून इंगळावर वरच्यावर फिरवायची. आतून मऊच ऱ्हाती."

"तिन्ही मेंढ्यांची एकत्र भाजली?"

"न्हाई, न्हाई. तीन बाऱ्या केल्या. पहिला मेंढा जेवणाचा, तांबडं फुटायला कापला. त्याची कलेजी वाजवणाऱ्यांच्या पोरांनी खाल्ली. मग बजरंगभावजीच्या नवसाचा मेंढा. त्याची निवदाला दावली आन भावकीतल्या पोरांना वाटली. पाव्हणे वाढले म्हणून तिसरा कापला, त्याची जी आली त्या पोरांना दिली."

मॅडमनी वही काढली आणि मुलांची नावं एकेक करून विचारली. कोणी कुठली कलेजी खाल्ली, ते कडूवहिनीला घरातल्या भांड्यांसारखं पाठ होतं. पहिल्या मेंढ्याची खाल्लेली सगळी पोरं ठणठणीत होती. तिसऱ्याची खाल्लेलीही ठणठणीत. मधल्या मेंढ्याची बारा पोरांनी खाल्ली, त्यातली अकरा अंथरुणाला खिळली.

मॅडमनी वही मिटून माझ्याकडं बघितलं. "काका, मधला मेंढा तुमचा."

मला हसूच आलं, कारण याच्याइतकं उलटं काही असूच शकत नव्हतं. शिवकन्या जन्मली तेव्हा जेमतेम दीड किलोची होती. पाच वर्षांची झाली की म्हसोबाला मेंढा देईन, असा नवस मी केला होता. तो मेंढा मी महिनाभर दारात बांधून सांभाळला. जत्रेच्या दिवशी देवापुढं उभा केला, हळद लावली आणि अंगावर पाणी घातलं. आमच्याकडं नवसाच्या मेंढ्यापुरती अशी रीत आहे की त्यानं अंग झाडलं म्हणजे देवानं तो पदरात घेतला. त्याशिवाय सुरी लावायची नाही. हा गडी काही झाडेना. हलग्या वाजताहेत, भावकी बघतेय, आणि मेंढा आपला ढिम्म उभा. मी पाण्यावर पाणी ओतलं. घामाघूम झालो. बादल्या सात झाल्या असतील, तेव्हा कुठं त्यानं मान हलवली आणि सगळं अंग झाडलं. लोकांनी चांगभलं केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. पंडित सुरी घेऊन जवळ आला आणि म्हणाला, "जरा थांबू का, दादा?" मला वाटलं, याला चहाची तलफ आली. मी डाफरलो, "देवानं कौल दिलाय आन तू थांब म्हणायलास? जल्दी कर!" त्यानं काम सुरू केलं.

हे सगळं मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं आणि वर विचारलं, "आता सांगा मॅडम, तिन्हीत सगळ्यात स्वच्छ मेंढा कोणता? ज्याला सात बादल्यांची आंघोळ घातली, तोच घाण कसा?"

मॅडमनी मिटलेली वही पुन्हा उघडून बघितली. मग म्हणाल्या, "मलाही तेच कळत नाहीये."

३

डॉक्टरलाच कळत नाही म्हटल्यावर आपण काय करायचं? मी मनातल्या मनात सगळ्यांवर संशय घेऊन बघितला. मेंढेवाल्या सितारामवर सगळ्यात आधी घेतला. तिन्ही मेंढे त्याच्याच कळपातले. एखादा आजारी मेंढा त्यानं माझ्या गळ्यात मारला नसेल कशावरून?

सिताराम माळावर मेंढरं राखत होता. मॅडमना त्यानं घोंगडी अंथरून दिली आणि माझ्याकडं मात्र रागानं बघितलं. "आजारी? तुमच्या दारात महिनाभर बांधला होता की त्यो, बजरंगबापू. आजारी आसता तर तुमी जनावराच्या दवाखान्यातले, तुमालाच कळलं नसतं व्हय?"

मॅडमनी कळपातल्या लेंड्या गोळा केल्या, डब्यांत भरल्या. परत येताना त्यांनी दिनकररावांच्या आणि सितारामच्या घरी थांबून फ्रीज उघडायला लावले. नवसाच्या मेंढ्याचे कच्चे वाटे भावकीत वाटले होते. आबांनी आपला वाटा बर्फाच्या खणात ठेवला होता. सितारामला पहिल्या आणि तिसऱ्या मेंढ्याचा मिळाला होता, तोही तसाच पडून होता. सगळं थंड डब्यात घालून मॅडम परभणीच्या प्रयोगशाळेत देऊन आल्या.

मंगळवारी निकाल आला. मॅडमनी मला समोर बसवून सांगितला, कारण माझं डोकं चालेनासं झालंय हे त्यांनाही दिसत होतं. पोरांच्या जुलाबात जो जंतू सापडला, तोच सितारामच्या कळपातल्या लेंड्यांत निघाला. तो मेंढरांच्या आतड्यात सुखानं राहतो, मेंढराला काही करत नाही. लेंडीतून लोकरीला लागतो. म्हणजे तिन्ही मेंढ्यांच्या अंगावर तो होताच.

"आणि मांसावर?" मी विचारलं.

"पहिल्या मेंढ्याच्या मांसावर जवळजवळ नाही. तिसऱ्याच्याही नाही. मधल्याच्या मांसावर मोजता येत नाहीत इतके."

"आंघोळ घातलेल्याच्या?"

"हो."

"पाणीच घाण आसंल मग."

"पाणी तुमच्या हातपंपाचं. ते तपासलंय, चांगलं आहे. सगळं गाव तेच पितं."

मी बोटांवर हिशेब मांडून बघितला. एकच माणूस, एकच सुरी, एकाच कळपातले मेंढे, पाणी चांगलं. पहिला साफ, तिसरा साफ, आणि मधला, ज्याच्या अंगावर मी चांगलं पाणी सात बादल्या ओतलं, तो भरलेला. याला काही अर्थ होता का?

तेवढ्यात माझा मुलगा महारुद्र याचा फोन आला. त्याचा आवाज फाटला होता. "बापू, शिवकन्येला परभणीला न्यायलोत. सकाळपासून लघवी झाली न्हाई. डॉक्टर म्हणायलेत, किडनीला लागलंय."

४

मी परभणीला जाऊन तिला काचेतून बघून आलो. हाताला नळ्या, चेहरा सुजलेला. सून सविता भिंतीला टेकून बसली होती. मला बघून ती म्हणाली, "मामा, कुणामुळं झालं हे, कळलं का?" मी म्हटलं, कळेल. माझ्या मनात एकच नाव होतं आणि मला ते मॅडमच्या तोंडून ऐकायचं होतं.

बुधवारी आम्ही पंडितकडं गेलो. त्याच्या दारात शेळी बांधलेली, बायको आत. त्यानं आम्हाला बाज टाकून दिली आणि स्वतः खाली बसला.

"सुरी कशी धुता?" मॅडमनी विचारलं.

"दर जनावराला उकळत्या पाण्यात. चुलीवर पातेलं ठेवूनच बसतो. खाली पळसाचा पाला, त्यो बी दर बारीला नवा. बापाची शिकवण हाय, मॅडम."

"पोट फाडताना आतडं फुटलं होतं का?"

"न्हाई. एक बी न्हाई."

मॅडमनी मोबाइल काढला. महारुद्रनं जत्रेचं शूटिंग केलं होतं, ते त्यांनी मागवून घेतलं होतं. पहिल्या मेंढ्याला पंडित निळ्या शर्टात दिसत होता. नवसाच्या मेंढ्यालाही निळा शर्टच. तिसऱ्या मेंढ्याला मात्र तो नुसत्या बनियनवर होता.

"मध्येच शर्ट का काढला?"

पंडितच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी अगदी समोर बसलो होतो, मला स्पष्ट दिसलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "उकडायलं होतं," तो म्हणाला.

"तिसरा कापला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते."

"मला उकडतं, मॅडम."

"नवसाच्या मेंढ्याच्या वेळी काही वेगळं झालं का? काही चुकलं का?"

"चुकलं आसंल माझंच. गाव म्हणायलंय तर आसंल."

बाहेर पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "हा माणूस खोटं बोलतोय."

मी तर याचीच वाट बघत होतो. "मग मी काय म्हणत होतो!"

"खोटं बोलतोय," मॅडम पुन्हा म्हणाल्या, "पण स्वतःला वाचवायला कोणी असं बोलतं का? न केलेली चूकही कबूल करतोय. का?"

मला त्यांचा भयंकर राग आला. माझी नात तिकडं नळ्यांत पडली होती आणि या बाईला गुन्हेगाराची कीव यायली होती.

५

शनिवारी सकाळी मॅडम माझ्या दारात हजर. रात्री त्यांनी ते शूटिंग चौदा वेळा बघितलं होतं म्हणे. मला गाडीवर मागं बसवलं आणि थेट सितारामच्या माळावर नेलं. उद्या बैठक, आणि आम्ही मेंढरं बघतोय.

"तुमचा रुमाल द्या, काका."

माझा रुमाल पांढरा असतो, तेवढी एक हौस मला आहे. मॅडमनी तो एका मेंढ्याच्या पाठीवर दाबला, जरा घासला, उचलून दाखवला. दोन काड्या, थोडी धूळ. झटकली की गेली.

मग त्यांनी त्याच मेंढ्यावर कळशीभर पाणी ओतलं. मेंढ्यानं अंग झाडलं, आमच्या दोघांच्या कपड्यांवर शिंतोडे उडाले. मॅडमनी रुमालाची दुसरी बाजू त्याच जागी दाबली आणि माझ्या हातात दिला. रुमाल तपकिरी झाला होता. पिळला तर माझ्या बोटांतून शेणकट, हिरवट पाणी मनगटापर्यंत ओघळलं. मी बत्तीस वर्षं घाण धुतो, पण तो वास मला सहन झाला नाही.

"लोकर कोरडी असते तेव्हा घाण लोकरीतच अडकून राहते," मॅडम म्हणाल्या. "भिजली की सुटते. पण सुटून जाते कुठं? सात बादल्यांनी मेंढा स्वच्छ नाही होत, काका. सात बादल्यांनी घाण फक्त पातळ होते आणि वाहायला लागते. कातडं सोलताना खाटकाच्या हाताला, कोपराला, तिथून मांसावर."

त्यांनी मोबाइल पुढं धरला. नवसाचा मेंढा टांगलेला होता. पंडित कातडं ओढत होता आणि लोकरीतून पाण्याची धार त्याच्या बाहीवर, बाहीवरून खाली, उघड्या मांसावर गळत होती. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. काम संपल्यावर त्यानं शर्ट काढून फेकला, कोपरापर्यंत हात धुतले, पाला बदलला, सुरी पातेल्यात टाकली, आणि मगच तिसऱ्या मेंढ्याला हात लावला.

"म्हणून तिसरा साफ निघाला," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या माणसांनी शिजवलेलं खाल्लं, ती वाचली. पोरांनी त्याच ओल्या हातांनी काढलेली, आतून कच्ची कलेजी खाल्ली."

मी ओल्या रुमालाकडं बघत उभा होतो. सगळं कळत होतं आणि काहीच पटत नव्हतं. पाणी तर मी ओतलं होतं. म्हसोबाच्या नावानं, शिवकन्येच्या नावानं, सात बादल्या.

"मग पंडितनं सांगितलं का न्हाई?" मी विचारलं. "शर्ट वल्ला झाला म्हणून काढला, एवढं सांगायला त्याचं काय जात होतं?"

"ते मला शूटिंगमध्ये दिसलं नाही," मॅडम म्हणाल्या. "ते तुम्हीच विचारा."

६

मी एकटाच गेलो. पंडित दारात शेळीला पाला टाकत होता. मी बाजेवर बसलो नाही.

"त्या दिवशी तू थांबू का म्हणालास. का?"

तो पाला टाकत राहिला.

"पंडित, मी विचारायलोय."

"वल्लं जनावर सोलू न्हाई," तो शेवटी म्हणाला. "बाप सांगायचा. उन्हात बांधा, दोन घंटे जाऊ द्या, आन मग हात लावा. का ते त्याला बी ठाऊक नव्हतं. मटण लवकर नासतं, एवढंच म्हणायचा."

"मग आठ दिवस तोंड शिवून का बसलास? तुझं दुकान बंद पाडलं आमी!"

"बोलून काय बोलू, दादा? पाणी तुमी घातलं. तुमची नात तिकडं पडलेली. मी थांबा म्हणालो, तुमी डाफरलात, हे गावापुढं सांगू? लेकराला तिच्या आज्याच्याच हातानं झालं म्हणून?" त्यानं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "तिचं काही बरंवाईट झालं आसतं, तर तुमी जगला नसता."

मी तिथंच जमिनीवर बसलो. याच माणसाच्या नावानं मी सगळ्या गावासमोर बोंब मारली होती. मला माझी इतकी लाज वाटली की त्याच्याकडं वर बघवेना.

संध्याकाळी मी आबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "हे बघ बजरंग. हे बाहेर बोलू नकोस. देवाच्या कौलावर बोट जाईल, आपल्या भावकीची इज्जत जाईल. मॅडमचा कागद इंग्रजीत हाय, कोण वाचतंय? पंडितला एक साल बंद ठेवू. पुढच्या साली मीच बोलावीन त्याला. त्याला काय, सवय झालीच हाय गप बसायची."

मी घरी आलो. रात्रभर मला आबांचं म्हणणं पटत होतं, हेही सांगून टाकतो. एक साल म्हणजे काय मोठं? पहाटे सविताचा फोन आला. शिवकन्येला लघवी झाली होती. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. सविता रडत होती. मग तिनं नाक ओढत तेच विचारलं, "मामा, कुणामुळं झालं, कळलं का?"

या वेळी मी कळेल म्हणू शकलो नाही. "माझ्यामुळं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "मग पंडितभाऊजींचं काय?"

७

रविवारी मारुतीच्या ओट्यावर सगळं गाव जमलं. आबा मध्ये बसले. मॅडम खुर्चीवर, मांडीवर कागद. पंडित खाली, एका बाजूला, बायकोला घेऊन बसला होता.

आबांनी सुरुवात केली, "झालं ते वाईट झालं. लेकरं आता बरी व्हायलीत. पंडितनं एक साल—"

मी उठलो. "आबा, पहिलं माझं ऐका. पाणी मी घातलं."

आणि मी सांगितलं. लोकर, बादल्या, शर्ट, रुमाल, सगळं. पंडित थांबू का म्हणाला होता आणि मी त्याला कसं गप केलं, तेही सांगितलं. नंतर मॅडमनी कागदावरचे आकडे सोप्या भाषेत वाचून दाखवले. कोणीतरी म्हणालं, "मग देवाचा कौल खोटा का?" मॅडम म्हणाल्या, "कौल घ्या. घेतल्यावर जनावर वाळू द्या आणि कलेजी शिजवून खा. देवाला दोन तास उशीर चालतो की नाही, ते तुम्ही ठरवा."

पुष्कळ वेळ कुजबुज चालली. शेवटी आबांनी घसा साफ केला आणि मोठ्या मनानं जाहीर केलं, "ठीक हाय. पंडितचा कसूर न्हाई. पंडित, उद्यापासून तुझं काम सुरू."

पंडित उभा राहिला. "न्हाई," तो म्हणाला.

आबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय न्हाई?"

"काम करणार न्हाई." त्याचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "मी थांबा म्हणालो होतो. माझ्या बापानं सांगितलेलं सांगत होतो. त्ये ऐकायला तुमाला परभणीचा कागद लागला, मॅडम लागल्या. आठ दिवस माझी बायको हातपंपावर गेली की बाया कळशा उचलून बाजूला व्हायच्या. मी बजरंगदादासाठी गप बसलो, गावासाठी न्हाई. आता पुढच्या जत्रेला पुन्हा कुणीतरी जल्दी कर म्हणंल आन मी पुन्हा वल्लं जनावर सोलू?"

त्यानं सगळ्या ओट्यावरून नजर फिरवली.

"जनावर वाळलं का न्हाई, त्ये मी ठरवणार. मी म्हणालो थांबा, तर हलगी थांबंल, कारभारी थांबंल, नवसवाला बी थांबंल. हे मंजूर आसंल तर हात वर करा. न्हाईतर दुसरा खाटीक बघा."

खाटकाच्या शब्दावर कारभाऱ्यानं थांबायचं, असं आमच्या गावात आजवर कोणी बोललं नव्हतं. आबा पायाखाली बघायला लागले. माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली.

मी हात वर केला. बराच वेळ ओट्यावर तो एकटाच होता. मग बायकांच्या बाजूनं कडूवहिनीनं केला.